खोदाईबाईंचा बोळ

कार्यालयात त्यांना सगळे खोदाईबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे खोदाईबाई. आणि हे त्यांना ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शहरातला कुठलाही रस्ता टेलिफोनच्या नाहीतर इंटरनेटच्या केबलसाठी खणायचा असेल, तर त्याचा कागद बाईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय फावडं जमिनीला लागत नसे. कंपन्यांची कडक इस्त्रीतली माणसं, एरवी कोणापुढेही पाय पसरून बसणारी, बाईंच्या खोलीत शिरताना दारातच मोबाइल बंद करत. बाई कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाची निदान समजूत तरी काढता येते. बाई नुसतं कलम सांगत आणि चष्मा काढून पुसायला घेत. चष्मा पुसून होईपर्यंत समोरच्याने उठायचं, हे आता नवख्यालाही सांगावं लागत नसे.

ज्या नियमावर बाई एवढ्या ठाम उभ्या असत, तो अर्धाअधिक त्यांनीच घडवला होता. पूर्वी या शहरात ज्याने यावं त्याने खणावं अशी मोगलाई होती. एका कंपनीने रस्ता खणून, बुजवून, वर डांबर ओतलं, की ते वाळायच्या आत दुसरी कंपनी टिकाव घेऊन हजर. लोक पत्ता सांगताना 'तिसऱ्या खड्ड्यानंतर डावीकडे' असं सांगायला लागले होते. मग शहर स्मार्ट करायचं ठरलं. घरोघरी फायबर, दिव्याच्या खांबाखांबावर नव्या नेटवर्कची खोकी, आणि हे सगळं रस्त्यांची चाळण न करता. त्यासाठी नियामक कार्यालयाने धोरण आणलं: रस्ता एकदाच खणायचा. सगळ्या कंपन्यांनी एकाच चरात, एकाच सामाईक नळीतून आपापल्या केबल टाकायच्या. चर बुजला की पाच वर्षं त्या रस्त्याला कोणी हात लावायचा नाही. वरून तारा लोंबवायच्या नाहीत. मसुद्याच्या बैठकीत एका वरिष्ठांनी सुचवलं, की 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणून एक रकाना असू द्यावा.

"रकाना ठेवलात तर सगळं शहर त्या रकान्यात येऊन बसेल," बाई म्हणाल्या.

रकाना गेला. बाईंनी नोकरीत जिंकलेली ही सगळ्यात मोठी लढाई. त्यांना तिचा अभिमान होता, आणि असावाच. रस्ते खरंच सुधारले.

बाई राहत त्या मोठ्या रस्त्याला फुटलेल्या एका अरुंद बोळात, अगदी शेवटच्या घरात. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मध्ये हा बोळ. खांबावरच्या खोक्याचा सिग्नल बोळाच्या तोंडापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. घरात होती ती जुनी तांब्याची तार, नवऱ्याच्या वेळची. ती तार वाऱ्यालाही दचकायची.

नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तो गेला तेव्हा बाईंना रडू आलं नाही. येईल येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. मग वाट पाहणंही सुटलं. दुःख होतंय असंही म्हणवत नव्हतं. काहीच होत नव्हतं. फ्यूज उडालेल्या घरात माणूस सवयीने भिंती धरून वावरतो, तशा त्या वावरत होत्या. उठायचं, आवरायचं, कार्यालयात जायचं, कलमं सांगायची, चष्मा पुसायचा, परत यायचं. लोक म्हणाले, बाई मोठ्या धीराच्या. धीर कसला? त्यांना आतून काही लागतच नव्हतं.

वडील गेल्यावर मुलगी सामान घेऊन आईकडे राहायला आली. 'थोडे दिवस' म्हणून आली आणि राहिली. ती दुभाषी होती, ऐकू न येणाऱ्या माणसांची. एखाद्या दवाखान्यात डॉक्टरसमोर असा पेशंट बसला, की ते हिला व्हिडिओ कॉल लावत. डॉक्टर बोलेल ते ही पडद्यावरून हातांनी सांगायची आणि पेशंटच्या हातांचं डॉक्टरला तोंडाने. ओठांवरूनही तिला बरंच कळायचं. शिकत होती तेव्हा ती टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायची आणि बाबा वैतागायचे, "अगं, आम्हाला तरी ऐकू दे!"

आता ती बाबांच्या खोलीत टेबल टाकून बसायची. संध्याकाळी बाई घरात शिरत तेव्हा आतल्या खोलीत दिवा असायचा. चपला काढायच्या आधी त्या क्षणभर थांबून तो दिवा बघत. बाईंना मुलगी हवी होती. बधिर झालेल्या त्या दिवसांमध्ये एवढी एकच गोष्ट त्यांना खात्रीने ठाऊक होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, मुलीला तर नाहीच.

तार मात्र मुलीच्या जिवावर उठली होती. बोलता बोलता चित्र थिजायचं. हात हवेत तसाच अडकलेला, पलीकडच्याला अर्थ अर्धाच पोचलेला. एकदा ती खोलीतून बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

"आई, त्या बाईला मी गोळी कधी घ्यायची ते सांगत होते. जेवणाआधी की नंतर, तिथेच चित्र अडकलं. परत आलं तेव्हा ती मान डोलावत होती. तिला काही कळलेलं नव्हतं गं. कळलं नाही तरी माणसं मान डोलावतात."

"मग?"

"मग काय, पहिल्यापासून सांगितलं. पण असं किती वेळा?" ती ओट्यावरचा पेला इकडचा तिकडे करत राहिली. "मोठ्या हॉस्पिटलचं कायमचं काम मिळतंय मला. त्यांची एकच अट आहे, लाइन पक्की पाहिजे. आपल्या बोळात फायबर आलं तर मी इथेच राहीन. नाही आलं तर शहराच्या त्या टोकाला घर बघावं लागेल."

"बघू," बाई म्हणाल्या.

मुलगी थोडा वेळ थांबली. आणखी काही येतंय का याची वाट बघत असावी. मग आत गेली.

योगायोग असा, की त्याच सुमारास मोठ्या रस्त्याच्या खोदाईची पाळी आली. चर बोळाच्या तोंडावरून जाणार होता. तिथून आत एक फाटा काढला की शेवटच्या घरापर्यंत फायबर. काम किरकोळ. पण फाट्याचा हुकूम काढायचा होता बाईंच्या टेबलावरून, आणि बोळ बाईंचा. बाईंनी तो कागद हातातही धरला नाही. 'या प्रकरणी माझा संबंध आहे' असं लिहून त्यांनी फाइल शेजारच्या टेबलावर दिली. नियमच तसा होता.

शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणजे सरळ, सज्जन माणूस. चहात बिस्कीट बुडवून ते तुटायच्या नेमकं आधी उचलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. फाइल त्यांच्याकडे गेली इथपर्यंत नियम. इथून पुढे कार्यालयाची रीत सुरू व्हायची. रीत अशी, की शेजाऱ्याची 'संबंधाची' फाइल आपण होऊन उघडायची नाही. ज्याचं घर तो कधीतरी चहाच्या वेळी म्हणतो, "ते तेवढं जरा बघा हं," आणि मग ती उघडायची. दार त्याचं. त्याला तिथे खोदाई हवी की नको, हे आपण कोण ठरवणार? असा हा अदबीचा मामला. त्या कार्यालयातल्या प्रत्येकाच्या गल्लीचं काम असंच झालं होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बाईंना ही रीत पक्की माहीत होती आणि तिची त्यांना शिसारी होती. संबंध आहे म्हणून हात काढून घ्यायचा आणि मग चहाच्या कपाआडून तोच हात पुढे करायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्या बोलल्या नाहीत. साहेब वाट बघत राहिले. दोघं रोज समोरासमोर चहा घेत.

"काय बाई, काम आलंय म्हणे तुमच्या बाजूला?" साहेबांनी एकदा विषयाचं दार किलकिलं करून पाहिलं.

"हो, आलंय."

"धूळ फार होते हो."

"होते."

झालं. साहेबांनी बिस्कीट उचललं, बाईंनी कप ठेवला.

घरी मुलगी अधूनमधून विचारायची, "कुठपर्यंत आलं गं काम?" बाई सांगायच्या, "चौकापर्यंत." मग, "औषधाच्या दुकानापर्यंत." खोदाईचा आवाज घरात ऐकू यायला लागला तसा मुलीचा चेहरा जरा उजळला. तिने एकदा बाबांच्या खोलीतलं कपाट हलवून टेबल खिडकीशी नेलं. "इथे उजेड चांगला येतो, हात नीट दिसतात," म्हणाली. राहणारं माणूसच अशी कपाटं हलवतं. बाईंनी एका बाजूने हात लावला.

मोठ्या रस्त्याची तपासणी बाईंकडेच होती. बोळाशी संबंध असला तरी रस्त्याशी नव्हता. त्या दिवशी त्या चराच्या कडेकडेने चालत आल्या. नारिंगी नळ्या एकमेकींना खेटून पडलेल्या, खोली बरोबर, खाली वाळूचा थर बरोबर. मुकादम मागून चालत होता. बोळाच्या तोंडाशी बाई थांबल्या. नळ्या तोंडावरून सरळ पुढे गेल्या होत्या. आत वळलेलं काही नव्हतं.

"इथला फाटा?" बाईंनी विचारलं.

"हुकूमच नाही बाई. मी वर विचारलं होतं, तुमच्याच हापिसात. म्हणाले, कागद यायचाय. आता चर बुजवायची वेळ आली, कागद काय आला नाही." मुकादमाने बोळात डोकावून पाहिलं. "तुम्ही नुसतं हो म्हणा. संध्याकाळच्या आत नळी शेवटपर्यंत सरकवतो. कागद मागनं येऊ द्या."

"कागदाशिवाय नाही."

"मग ज्यांच्याकडे कागद आहे त्यांना फोन तरी मारा. चर अजून उघडाच आहे ना."

बाईंनी फोन काढला. साहेबांचा नंबर समोर होता. एवढंच म्हणायचं होतं की माझ्या बोळाचं राहिलंय, तेवढं जरा बघा. पण तोच तर तो शब्द, जो टाकायचा नव्हता. कितीतरी माणसांना त्यांनी याच शब्दासाठी दारातून परतवून लावलं होतं. एकजण तर आईच्या आजारपणाचं सांगत आला होता. त्याच्यासमोरही त्यांनी चष्माच पुसला होता. आता स्वतःसाठी तोच शब्द त्यांच्या तोंडात यावा कसा? हे सगळं त्यांच्या मनात आलं ते अगदी शांतपणे, दुसऱ्याच्या फाइलीतलं टिपण वाचावं तसं. छातीत काही धडधडलं नाही. धडधडलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

बोळाच्या शेवटी खिडकी उघडी होती. आत मुलीचे हात हलताना दिसत होते, कोणाला तरी काहीतरी सांगत. काय सांगत होते ते बाईंना कळण्यासारखं नव्हतं.

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

"ते शेवटचं घर तुमचंच ना?" मुकादमाने विचारलं.

"हो."

मुकादमाने वळून माणसांना माती ओढायला सांगितली. बाईंनी उभ्या उभ्याच शेरा लिहिला, 'काम नियमानुसार', आणि सही केली. खरं तर अशा वेळी बाईंना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं, असं कोणालाही वाटेल. पण हलवणार कोण? मुकादमाची तेवढी प्राज्ञा नव्हती, आणि मुलगी खिडकीत आपल्या पडद्यात गुंतलेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःहूनच विषय काढला. "बाई, तुमच्या बोळाचं तुम्ही काही म्हणाला नाहीत. मी समजलो, तुम्हाला नको असेल. घरात नुकतंच तसं झालेलं. दारात माणसांची वर्दळ, खणाखणी. म्हटलं, कशाला त्रास? म्हणून मी फाइल उघडलीच नाही." हे ते इतक्या आपुलकीने म्हणाले की त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"संबंध आहे म्हणून तर तुमच्याकडे दिली होती फाइल," बाई म्हणाल्या. "मी बोलायचंच नसतं त्यात."

"तो नियम झाला हो." साहेब गडबडले. "पण एक शब्द टाकला असतात तर..."

बिस्कीट तुटून चहात पडलं. साहेबांनी ते चमच्याने काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. बाईंना त्यांचा राग आला नाही. स्वतःचाही आला नाही. आता पाच वर्षं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि अपवादाचा रकाना नाही.

संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. फाइल, साहेब, उघडा चर, मुकादम, सगळं सांगितलं. मुलगी टेबलापाशी बसून ऐकत होती.

"म्हणजे तू चराच्या काठावर उभी होतीस, हातात फोन होता, आणि लावला नाहीस."

"लावता येत नव्हता."

"त्यांना नाही बोललीस, ठीक आहे. तुझा नियम आहे." तिने आईकडे पाहिलं. "मला काही सांगायचंय का तुला?"

"तुला काय सांगायचं?"

"मी जाऊ की राहू?"

बाई म्हणाल्या, "काम तुझं आहे. तू ठरव. मी मध्ये पडणार नाही."

हे म्हणताना त्यांना आपण फार योग्य बोललो असं वाटलं. मुलीचा निर्णय मुलीचा, आपला त्यात स्वार्थ, म्हणून आपण बाजूला व्हायचं. इथेही त्यांनी संबंध जाहीर केला आणि फाइल पुढे सरकवली. आणि मुलगीही, तेवढ्याच अदबीने, एका शब्दाची वाट बघून गप्प झाली.

"बरं," ती म्हणाली.

सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा बोळात शिरेना. खोकी हातानेच बाहेर न्यावी लागली. नव्या गुळगुळीत डांबरावर टेम्पो उभा होता. बाईंनी टेम्पोवाल्याला आरसा जपून ठेवायला सांगितलं. मुलीने त्यांना मिठी मारली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. "पोचलीस की कळव," म्हणाल्या. मुलगी टेम्पोच्या खिडकीतून हात करत गेली. कपाट मात्र हलवलेल्या जागीच राहिलं.

त्यानंतरही बाई संध्याकाळी दारात चपला काढायच्या आधी थांबत. आत दिवा नसे. थांबण्याची सवय होती, म्हणून थांबत.

सुट्टीच्या दिवशी मुलगी व्हिडिओ कॉल लावायची. तिच्याकडची लाइन पक्की होती. इकडची तार जुनीच, त्यामुळे कधी चित्र जाई, कधी आवाज. एका रविवारी ती आपल्या नव्या घराबद्दल सांगत होती. समोर मोकळं मैदान आहे, हॉस्पिटलचं काम छान चाललंय, आता मध्येच काही तुटत नाही. आणि हे सांगतासांगताच ती तुटली. चेहरा थिजला. तोंड अर्धवट उघडं, एक हात वर. आवाजही गेला.

बाई त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. थांबलेलं माणूस प्रश्न विचारत नाही, वाटही बघत नाही. त्याच्याशी बोलणं सोपं असतं. त्या म्हणाल्या, "तू जायला नको होतंस. मला तू इथे हवी होतीस."

बोलून झाल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. ऐकणारं कोणी नव्हतं.

मग चित्र हललं. मुलीचा हात खाली आला.

"तुटलं होतं मध्येच," बाई म्हणाल्या. "काय सांगत होतीस?"

"तुझा आवाज नाही आला इकडे."

"हं."

"आवाज नाही आला. चित्र येत होतं." मुलगी पडद्याजवळ सरकली. "दिवसभर मी लोकांच्या ओठांकडेच बघत असते, आई."

फोन बाईंनी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, तो घसरायला लागला म्हणून सरळ केला.

"हे तेव्हा म्हणायचं होतंस."

"हो," बाई म्हणाल्या.

आता रडू येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. घशात मात्र काहीतरी दुखलं, आणि किती दिवसांनी कुठेतरी काहीतरी दुखलं याचंच त्यांना नवल वाटलं.

"परत म्हण," मुलगी म्हणाली.

"काय?"

"तेच. आता आवाज येतोय."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकाने पुसायला घेतला. एक काच पुसली. दुसरी पुसली. पुन्हा पहिली पुसली. मग पुसण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तो डोळ्यांवर चढवून त्यांनी समोर पाहिलं. चित्र थांबलेलं नव्हतं. मुलीच्या डोळ्यांची उघडझाप होत होती. ती उठली नव्हती.